अल्ब्युमिनची बाटली नेमकी कशासाठी?

प्रश्न : डॉक्टर, सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, नंतर रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी, 2.4 आलं आणि पायाला सूज पण होती, तर रोज एक बाटली आणायला सांगायचे, काही हजारांची एकेक. शेजारच्या काकांना लिव्हर सिरॉसिस आहे, त्यांच्या पोटातलं सात लिटर पाणी काढलं तेव्हा एकाच दिवशी तीन लावल्या. हे खरंच लागतं की बिल वाढवायचं काम? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, काकांचं आधी सांगतो, ते सोपंय. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं की रक्ताभिसरण ढेपाळतं आणि किडनीवर येतं, म्हणून काढलेल्या दर लिटरमागे साधारण 8 ग्रॅम अल्ब्युमिन देतात. सात लिटरचे झाले 56 ग्रॅम, 20 टक्केवाल्या 100 एमएलच्या बाटलीत असतात 20, म्हणजे तीन बाटल्या, हिशोब चोख आहे.

सासूबाईंचं मात्र मला पटलं नाही. अल्ब्युमिन लिव्हरमध्ये बनतं, पण ऑपरेशन, इन्फेक्शन असं काही झालं की बनणं कमी होतं आणि असलेलं रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, म्हणजे आकडा आजारामुळे पडतो, आकड्यामुळे आजार होत नाही. वरून ओतलं तर रिपोर्ट दोन दिवस छान दिसतो, बस. आणि पोषण म्हणून तर ते देऊच नये, त्यासाठी जेवण आहे (अंड्याचा पांढरा भाग जरूर द्या, पण आठवड्यात आकडा उडी मारेल अशी आशा नको). ब्रिटनमध्ये सिरॉसिसच्याच पेशंटवर हे तपासलं, 2021 मध्ये निकाल आला, अल्ब्युमिन 3 पर्यंत नेण्यासाठी रोज दिलं तरी फायदा नाही, उलट फुप्फुसात पाणी होण्याचे प्रकार वाढले. लुबाडलं असं मी लगेच म्हणणार नाही, बऱ्याच ठिकाणी ती नुसती सवय असते, आकडा लाल दिसला की बाटली. पुढच्या वेळी सरळ विचारा, हे कशासाठी देताय आणि कधी थांबवणार?

प्रश्न : मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. मॅनेजमेंटने अल्ब्युमिनचं ऑडिट करायला सांगितलंय, खप कमी करा म्हणतात. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नुसता खप मोजलात तर ऑडिट अर्धंच होईल. प्रत्येक बाटलीमागे फाइलमध्ये कारण लिहिलंय का ते आधी बघा, "लो अल्ब्युमिन" एवढंच असेल तर ते कारण धरू नका. आयसीयूमध्ये बीपी पडलं म्हणून सरसकट लावतात तेही बघा, 2004 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासात जवळपास 7000 पेशंट होते आणि सलाइन व अल्ब्युमिनमध्ये मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं, डोक्याला जबर मार असलेल्यांमध्ये तर अल्ब्युमिनवाले जास्त दगावले. आता उलटी बाजू, जी कुणी बघतच नाही : ज्यांना द्यायलाच हवं होतं त्यांना मिळालं का? सिरॉसिसमध्ये पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिकसोबत पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम द्यायचं असतं. 1999 च्या स्पेनच्या अभ्यासात त्याने किडनी बिघडण्याचं प्रमाण 33 टक्क्यांवरून 10 वर आलं. त्या पेशंटच्या फाइली वेगळ्या काढा आणि तिसऱ्या दिवसाचा डोस बघा, मधे रविवार आला की तो हमखास राहतो.