आधी विचार, कोणतं अस्वल मेलं

मुंबई

चि. बाळ,
आशीर्वाद.

अस्वलांच्या शिकारीवरचं तुझं टिपण वाचलं. यलोस्टोनच्या सातशे अस्वलांतली बावीस मारायची, म्हणजे जेमतेम तीन टक्के. एवढ्यानं काय बिघडतं, असं तू विचारलंस. प्रश्न चांगला आहे. शिकारीवर नुसती चिडून लिहिणारी मुलं मी पुष्कळ पाहिली, हिशेब मांडणारी कमी. पण तुझा हिशेब अर्ध्यावर थांबलाय.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या ग्रिझली, म्हणजे तिथल्या तपकिरी अस्वलांना 1975 मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. ते 2017 मध्ये काढलं आणि पुढच्याच वर्षी वायोमिंग राज्यानं जास्तीत जास्त बावीस अस्वलांच्या शिकारीला परवानगी दिली. तू हा आकडा उचललास, त्याच्या आतली अट मात्र सोडलीस. उद्यानाला लागून असलेल्या भागासाठी नियम असा होता की दहा नर मारले जाईपर्यंत किंवा एक मादी मारली जाईपर्यंत शिकार चालेल, जे आधी घडेल ते. शिकारीच्या बाजूनं बसलेल्या लोकांनीच एका मादीला दहा नरांच्या तोलात धरलं, यावरून काय ते समज. शिवाय दोनशे पावलांवरून, झुडपाआड, एकटं फिरणारं अस्वल नर की मादी हे मुरलेल्या शिकाऱ्यालाही खात्रीनं सांगता येत नाही. शेवटी मोंटाना राज्यातल्या मिसुलाच्या संघीय न्यायालयानं सप्टेंबर 2018 मध्ये संरक्षण परत दिलं आणि ती शिकार झालीच नाही.

आता मादीचा हिशेब कागदावर मांडून बघ. ग्रिझली मादीला पहिली पिल्लं साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी होतात. एका वेताला दोन धर, आणि दोन वेतांत तीन वर्षांचं अंतर. दोनांतली एक मादी. आणि मोठी होईपर्यंत निम्मीच जगतात असं धर. म्हणजे एका वेतामागे अर्धी लेक. आपल्या जागी एक मादी उभी करायला तिला दोन वेतं लागली, आणि दुसऱ्या वेतातली पिल्लं हाताशी येईपर्यंत तिचं वय दहा-अकरा झालं. सातव्या वर्षी तिला गोळी लागली तर यादीत मृत्यू एकच लिहिला जातो, पण तिची जागा रिकामी राहते. रानडुकराची मादी वर्ष-दीड वर्षाची झाली की एका वेताला चार-पाच पिल्लं देते. डुकरांच्या शिकारीचं गणित अस्वलांना लावणाऱ्याचा पुढचा परिच्छेद मी वाचत नाही.

अस्वलांची संख्या जितकी कमी, तितका एकेका मादीचा भार जास्त. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतात 1 नोव्हेंबर 2004 रोजी रानडुकरांच्या शिकारीला गेलेल्या एकानं कानेल नावाची मादी मारली. तिच्याबरोबर त्याच वर्षीचं पिल्लू होतं. मूळच्या पिरेनीज अस्वलांतली ती शेवटची मादी. पिल्लू जगलं, पण ते नर निघालं. आज त्या डोंगरात अस्वलं आहेत, पण ती स्लोव्हेनियातून आणून सोडलेल्या अस्वलांची वंशावळ. मृत्यूंच्या यादीत मात्र हाही एकच मृत्यू म्हणून लिहिला जाईल.

मग नुसते नर मारावेत का? तुझ्या टिपणात हे गृहीत धरलेलं दिसलं, म्हणून जरा थांबतो. स्वीडनमधल्या तपकिरी अस्वलांवर 1984 पासून काम चालू आहे, आणि 1997 मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की मोठे नर मारले गेले की त्या भागातली पिल्लंही जास्त मरतात. जुना नर गेला की नवा येतो. पिल्लं त्याची नसतात, आणि अंगावर पाजणारी मादी माजावर येत नाही, म्हणून तो पिल्लं मारतो. गोळी एकाला लागते, पण पुढच्या वसंतात पिल्लांची मोजणी खाली येते आणि ती तूट कुणी शिकारीच्या खात्यावर टाकत नाही. पण हे वाचून लगेच हुरळून जाऊ नकोस. उत्तर अमेरिकेत असा परिणाम इतका स्वच्छ दिसलेला नाही. स्वीडनचं निरीक्षण स्वीडनच्या नावानंच लिही.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. स्वीडनमध्ये पिल्लांसोबतच्या मादीला मारायला मनाई आहे. पूर्वी बहुतेक माद्या पिल्लांना दीड वर्षानं वाटेला लावत. आता अडीच वर्षं जवळ ठेवणाऱ्या माद्यांचं प्रमाण वाढलंय. पिल्लू जवळ असेल तोवर जीव सुरक्षित, त्यामुळे अशा माद्या जास्त जगतात. पण पिल्लं जास्त काळ जवळ, म्हणजे पुढचं वेत लांबणीवर. शिकारीच्या नियमानं संसाराचं वेळापत्रकच बदललं. हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालं, मूळ निबंध मिळवून वाच.

मोजणीकडेही बघ. रोमानियात बरीच वर्षं अस्वलं मोजत शिकार संघटना, प्रत्येक आपापल्या हद्दीत. अस्वलाला हद्द कुठली ठाऊक? तेच जनावर दोन-तीन याद्यांत चढलं, अशी टीका होत राहिली. पुढे जनुकांवरून मोजणी सुरू झाली. ज्या संख्येवर कोटा ठरतो ती संख्याच सैल असेल, तर तीन टक्के हे प्रत्यक्षात किती? आणि कोट्याबाहेरचे मृत्यू कुठे धरलेस? गुरं मारली म्हणून गोळी घातलेलं, गाडीखाली आलेलं, एल्क हरणाच्या शिकाऱ्यानं घाबरून मारलेलं, सगळी अस्वलं त्याच सातशेतून वजा होतात. यलोस्टोनच्या नियमावलीतही मृत्यूची मर्यादा सगळी कारणं मिळून घालतात, आणि माद्यांसाठी ती नरांच्या जवळपास निम्मीच आहे.

म्हणून 'शिकार म्हणजे विनाश' असं शीर्षक देऊ नकोस, ते खोटं ठरेल. स्वीडनमध्ये 1930 च्या सुमारास जेमतेम 130 अस्वलं उरली होती. 2008 पर्यंत ती 3,300 च्या घरात गेली, आणि त्यातली बरीच वर्षं परवान्यानं शिकार चालूच होती. नंतर कोटे वाढवत नेले, एकट्या 2023 चा कोटा 649 होता, आणि संख्या 2,400 च्या आसपास उतरली. वाढतं खातं उतरतं करायला पंधरा वर्षं पुरली. शिकारीच्या पैशातून संवर्धन होतं म्हणतात, तो वाद तुझ्या प्रबंधाच्या आवाक्याबाहेरचा. टाळ.

आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे, म्हणून हा विषय परदेशी वाटतो. मुंबईत अस्वल दिसतं ते राणीच्या बागेत. पण बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोलीत रानडुकरासाठी लावलेला फासा आणि कुंपणात सोडलेली वीज समोर नर आहे की मादी हे बघत नाही. आपल्या अस्वलाच्या मादीला दोन-तीन वर्षांनी एकदा एक किंवा दोन पिल्लं होतात. मोह गळतो तेव्हा ती पिल्लं पाठीवर घेऊन झाडाखाली येते, आणि पहाटे टोपली घेऊन माणसंही तिथेच येतात. फाशाला ना कोटा, ना हंगाम, ना एक मादी मेली की थांबायची अट.

तेव्हा वनविभागाकडे माहिती मागशील ती 'एकूण मृत्यू' अशी मागू नकोस. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल माग, आणि त्यात तीन गोष्टी शोध: मादी होती का, दूध होतं का, वय कशावरून लिहिलं. 'प्रौढ' एवढंच लिहिलेलं असेल तर ते अंदाजपंचे समज. अस्वलाचं वय दातावरून निघतं. सुळ्यामागची छोटीशी पूर्वदाढ काढून तिचा पातळ काप करतात आणि मुळावरचे वर्षावर्षाचे थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. काळ्या अस्वलांच्या माद्यांत पिल्लं वाढवलेल्या वर्षांचे थर अरुंदही सापडतात. एका दातात इतकं असतं, आणि बऱ्याचदा तो मृतदेहाबरोबर जळून जातो.

तक्ता नव्यानं करून पाठव. मसुदा छापून दे, मोबाइलवर वाचायला माझे डोळे साथ देत नाहीत.

तुझे,
सर

ता. क. हॉर्नबिल हाउसच्या ग्रंथालयात एकदा जाऊन ये. तिथली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 ची, जर्नल 1886 पासूनचं, आणि सुरुवातीच्या खंडांत शिकारीच्या नोंदी भरपूर आहेत. जनावर किती फूट किती इंच, हे साहेबलोक आवडीनं लिहीत. नर-मादी कुठे लिहिलंय आणि कुठे नाही, एवढंच टिपत जा. ओळखपत्र बरोबर ठेव.