तुमचा प्रश्न, आमचं उत्तर : पदक ३७ वर्षांनी का मिळालं?

प्रश्न : महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पण त्या युद्धात काळे लोक स्वतः लढले का? आणि एका काळ्या सैनिकाला शौर्यपदक मिळायला ३७ वर्षं लागली असं मुलगा म्हणतो, खरंय का? – एक वाचक, सातारा

उत्तर : लढले की! ते अमेरिकेचं यादवी युद्ध, गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं विरुद्ध उत्तरेकडची, आणि उत्तरेच्या फौजेत पावणेदोन लाखांच्या वर काळे सैनिक होते. मुलगा म्हणतोय तो विल्यम कार्नी, जन्म १८४० चा, व्हर्जिनियातला, गुलामीतच जन्मलेला. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला आला, धर्मोपदेशक व्हायचं डोक्यात होतं, पण १८६३ मध्ये काळ्या सैनिकांची ५४वी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट उभी राहिली आणि हा भरती झाला.

१८ जुलै १८६३, चार्ल्स्टनजवळचा दक्षिणेच्या ताब्यातला किल्ला फोर्ट वॅग्नर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून संध्याकाळी हल्ला चढवायचा. धुरात आणि गोंगाटात ऑर्डर कुठली ऐकू येणार, सगळे झेंड्याकडे बघून पुढे सरकायचे, म्हणून शत्रूही आधी झेंडेवाल्यालाच टिपायचा. तसंच झालं, झेंडेवाला पडला, कार्नीने झेंडा उचलला आणि थेट किल्ल्याच्या तटावर नेऊन रोवला. हल्ला फसला, ५४वीचे प्रमुख कर्नल शॉ मारले गेले, माघार घ्यावी लागली. गोळ्या लागलेल्या अवस्थेत कार्नी झेंडा घेऊन परत निघाला, वाटेत न्यूयॉर्कच्या पलटणीतला एक जण म्हणाला दे मी धरतो, तर हा म्हणे नाही, ५४वीच्या माणसाशिवाय कुणाच्या हातात देणार नाही. आपल्या लोकांत पोचल्यावर म्हणाला, मी फक्त ड्युटी केली, झेंडा जमिनीला टेकला नाही!

आता ३७ वर्षांचं. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं १९०० च्या मे महिन्यात, म्हणजे हिशोब बरोबर आहे. पण उशीर झाला तो काळा होता म्हणूनच, असं सरळ म्हणता येत नाही. त्या युद्धातली पुष्कळ मेडल्स १८९० नंतर दिली गेली, गेटिसबर्गची लढाई गाजवणारे गोरे कर्नल चेंबरलेन, त्यांनाही १८६३ च्या लढाईचं मेडल १८९३ ला मिळालं.

खरा भेदभाव बघायचा तर पगारात बघा. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे, हातात ७! जीव जायचा तो दोघांचा सारखाच. ५४वीने पगार घ्यायलाच नकार दिला, राज्य सरकार म्हणालं फरक आम्ही भरतो, तर तेही नको म्हणाले, घरी बायकापोरांचे हाल होत असताना. शेवटी जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, समान पगाराचा कायदा केला, आणि त्याच महिन्यात कार्नी जखमांमुळे सैन्यातून सुटला. मला विचाराल तर तटावर झेंडा रोवण्याइतकंच पगार नाकारणंही धाडसाचं.

पुढे ३२ वर्षं कार्नी न्यू बेडफर्डमध्ये पोस्टमन होता, म्हणजे इकडे ‘गुलामगिरी’ छापून आलं तेव्हा तिकडे हा घरोघरी पत्रं वाटत होता. नंतर बोस्टनच्या स्टेट हाऊसमध्ये निरोप्याची नोकरी, तिथल्याच लिफ्टच्या अपघाताने १९०८ च्या डिसेंबरात गेला.

आणि हो, कार्नीबद्दल ‘मेडल मिळालेला पहिला काळा सैनिक’ असं कुठे वाचलंत तर मुलाला सांगा, पराक्रम त्याचा सगळ्यात आधीचा, पण मेडल हातात पडलेले काळे सैनिक आणि खलाशी त्याच्या आधी होऊन गेले होते.