गांजा, गाडी आणि रक्तातला आकडा

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त सिअ‍ॅटलजवळ राहतो. तिथे गांजा दुकानात राजरोस मिळतो. त्याचा एक सहकारी पाठदुखीसाठी रोज रात्री गांजा ओढतो. एका सकाळी मागचा दिवा बंद असल्याने पोलिसांनी त्याची गाडी थांबवली, आत गांजाचा वास आला म्हणून रक्त तपासले आणि प्रमाण मर्यादेबाहेर निघाल्याने त्याच्यावर खटला भरला. रात्रीच्या गांजासाठी सकाळी शिक्षा, हा न्याय म्हणावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नशेत गाडी चालवण्यास मनाई असलीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. गांजा ओढलेला माणूस बहुधा गाडी सावकाश हाकतो, पुढच्या वाहनापासून अंतरही राखतो. पण अचानक एखादे मूल रस्त्यात धावत आले, तर ब्रेकवर पाय जायला त्याला उशीर होतो. आक्षेप घ्यायचा तो मनाईवर नव्हे, नशा मोजण्याच्या पद्धतीवर.

सिअ‍ॅटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, त्या राज्याने २०१२ साली जनमताने प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला आणि त्याच कायद्यात चालकासाठी दर मिलिलिटर रक्तामागे ५ नॅनोग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजातील नशा आणणारे द्रव्य, ही मर्यादा घातली. गाडी चालवल्यापासून दोन तासांच्या आत रक्तात तेवढे प्रमाण असल्याचे सिद्ध झाले, की नशा वेगळी सिद्ध करावी लागत नाही. दारूसाठी ही रीत बऱ्यापैकी न्याय्य ठरते, कारण दारू पाण्यात विरघळते आणि रक्तातल्या तिच्या प्रमाणावरून मेंदूच्या स्थितीचा अंदाज येतो. टीएचसी मात्र चरबीत साठते. झुरका घेतल्यावर काही मिनिटांतच रक्तातले त्याचे प्रमाण शिगेला पोहोचते आणि नशा टिकून असतानाच झपाट्याने उतरते; रोज ओढणाऱ्याच्या शरीरातून मात्र ते पुढे कित्येक दिवस थोडे थोडे रक्तात झिरपत राहते. परिणामी रोजचा माणूस शुद्धीवर असूनही दोषी ठरू शकतो आणि गांजाची मिठाई खाऊन झिंगलेला माणूस मर्यादेच्या आत राहू शकतो. अमेरिकेतील एएए या वाहनचालक संघटनेच्या सुरक्षा प्रतिष्ठानानेही २०१६ मध्ये अशा ठरावीक मर्यादेला शास्त्रीय आधार नसल्याचा निष्कर्ष काढला. तुमच्या मुलाच्या सहकाऱ्याला त्या सकाळी नशा होती की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. पण केवळ आकड्यावरूनही ते कळत नाही, आणि म्हणूनच हा नियम मला अन्यायकारक वाटतो.

अमेरिकेतल्याच कोलोराडो राज्यात ५ नॅनोग्रॅमवरून जूरी नशेचे अनुमान काढू शकते, पण तसे काढण्याचे बंधन तिच्यावर नसते आणि आरोपीला आपली बाजू मांडता येते. अ‍ॅरिझोना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, नशा न आणणारा गांजाचा अवशेष रक्तात सापडला एवढ्यावरून चालकाला दोषी ठरवता येणार नाही, असा निर्णय दिला. माझ्या मते न्यायाची वाट हीच आहे.

नशा थेट माणसावरून तपासण्याची रीतही तिथे आहे. प्रशिक्षित पोलीस चालकाला डोळे मिटून, मान मागे टाकून उभे राहायला सांगतात आणि मनातल्या मनात तीस सेकंद मोजायला लावतात. शरीराचा झोक जातो का, तीस सेकंद फार लवकर किंवा फार उशिरा संपतात का, हे पाहतात. ही चाचणीही अचूक नाही, थकलेला माणूसही तीत डळमळेल. तरी ती निदान माणसाची त्या क्षणाची अवस्था तपासते, आणि रक्ताचा अहवाल तिच्या जोडीला पुरावा म्हणून यावा.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. अमली पदार्थांसाठी मात्र आकडा नसून ‘वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता येणार नाही इतपत’ अंमल असावा लागतो. ही शब्दयोजना मला अधिक न्याय्य वाटते.

मुलाला मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा. राज्यात परवानगी असली, तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार मौजेसाठी गांजा बाळगणे गुन्हाच आहे, आणि नशेत गाडी चालवल्याच्या आरोपाखाली नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे सहकारी खटल्यातून सुटला, तरी त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला भेटणे आवश्यक आहे.