मुलगी म्हणते, “तुम्ही सांगाल ते”

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी चौदा वर्षांची, नववीत आहे. पुढे काय करायचंय असं विचारलं की ती “तुम्ही सांगाल ते” एवढंच म्हणते. शाळेचं म्हणणं घरून लक्ष कमी पडतं, तर शाळेने तिला कधी फुलूच दिलं नाही असं तुम्हाला वाटतं. चौथीत शिक्षकांनी “गणित हा तिचा प्रांत नाही” असं सांगितलं होतं, तेही तुम्ही लिहिलंय. कल चाचणी लगेच करून घ्यावी का, हा तुमचा प्रश्न.

चाचणी आत्ता नको. का ते सांगते.

यंत्र खोलून बघायला आवडेल का, अनोळखी लोकांशी बोलायला आवडेल का, हिशेब ठेवायला आवडेल का, अशा धर्तीचे प्रश्न त्यात असतात. जिने यंत्र कधी उघडलंच नाही ती बहुतेक वेळा ‘नाही’वर खूण करते. मग अहवालात ‘तांत्रिक क्षेत्रात रस कमी’ असं छापून येतं आणि घरातले सगळे तो तिचा स्वभाव समजून वाचतात. मुळात तिच्या अनुभवातच ते आलेलं नसतं. घरातला संगणक बिघडला की मोठ्या मुलाला हाक मारली जाते, हे तुम्हीच ओघात लिहून गेला आहात. तिला कोणी मुद्दाम अडवलं नसेल, पण तिच्या हातात पेचकसही कधी आला नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये केलेली एक मांडणी मला माझ्या कामात फार उपयोगी पडते. मुलं मोठी झाल्यावर करिअर निवडतात असं आपण धरून चालतो. गॉटफ्रेडसन यांच्या मते मुलं लहानपणापासून पर्याय खोडत येतात. तीन ते पाच या वयात मोठी माणसं कामं करतात एवढंच कळतं. सहा ते आठमध्ये कामांची वाटणी होते, ही बायकांची आणि ती पुरुषांची; जी आपल्या बाजूला बसत नाहीत ती मनातून जातात. नऊ ते तेरामध्ये प्रतिष्ठा कळू लागते. कुठलं काम आपल्या घराला शोभणार नाही आणि कुठलं आपल्याला झेपणार नाही, याचे निकाल मूल मनातल्या मनात लावून टाकतं. स्वतःची आवड, स्वतःचा पिंड याकडे ते वळतं चौदाच्या आसपास, आणि तेही उरलेल्या पर्यायांतच. आधी खोडलेलं सहसा पुन्हा तपासलं जात नाही, कारण आपण काही खोडलंय याची जाणीवच नसते. तुमच्या मुलीच्या उत्तराला आळस किंवा बेफिकिरी म्हणण्याआधी हे नक्की लक्षात घ्या.

आता गणिताचं. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग शिक्षणक्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. काही मुलं यंदा विशेष प्रगती करतील असं शिक्षकांना सांगण्यात आलं. प्रत्यक्षात ती नावं कोणताही निकष न लावता निवडलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या अशा मुलांची बुद्धिमापन चाचणीतली वाढ इतरांपेक्षा जास्त दिसली. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण शिक्षकाची अपेक्षा वर्गातल्या वागण्यात उतरते, कुणाला विचारायचं, कुणाच्या उत्तरासाठी थांबायचं यात ती दिसते, हे मी शाळांमध्ये पाहत आले आहे. तुमच्या बाबतीत शाळेचं एक वाक्य घरी आलं आणि घराने ते जपलं. “आमच्या घरात कुणालाच गणित जमत नाही” हे तुम्ही पत्रात सहज लिहिलंय. तिने ते किती वेळा ऐकलं असेल! शाळा आणि घर एकच गोष्ट सांगत असतील तर नऊ-दहा वर्षांचं मूल त्यावर शंका कशी घेणार? म्हणून दोष कुणाचा हा वाद मला निरर्थक वाटतो. शिक्षकांना भेटा, आणि ती नेमकी कुठल्या पायरीवर अडते तेवढंच विचारा.

तिचे बाबा रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून गृहपाठ करून घेतात. त्यांची तळमळ समजते, पण हे कमी करा. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये माध्यमिक वयाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या मुलांवरच्या पन्नास अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गृहपाठात मदत करण्याचा शालेय यशाशी चांगला संबंध त्यांना आढळला नाही. सर्वांत ठळक संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टीशी: शिक्षणाचं मोल मुलांना समजावून सांगणं, शिकतात त्याचा पुढच्या आयुष्याशी धागा जोडणं, त्यांच्याशी बेत आखणं. म्हणजे वहीवर नजर ठेवण्यापेक्षा गप्पा जास्त कामाच्या. बाबांनी स्वतःच्या कामातला एखादा अडलेला प्रसंग तिला सांगावा आणि “तू काय केलं असतंस?” असं विचारावं. तिने दिलेलं उत्तर लगेच दुरुस्त करू नये. हे जड जाईल, मला कल्पना आहे.

छोटे निर्णय तिच्याकडे द्या, आणि ते चुकले तरी परत घेऊ नका: सुट्टीचा दिवस कसा घालवायचा, कुठला छंदवर्ग सोडायचा, स्वतःच्या खर्चाचे पैसे कशावर वापरायचे. जिने साध्या गोष्टीही कधी ठरवल्या नाहीत तिच्याकडून एकदम अख्ख्या आयुष्याचं उत्तर मागू नये. पुढच्या वेळी संगणक बिघडला की तिला बसवा, भावाने फक्त शेजारी उभं राहावं. नात्यातल्या, ओळखीतल्या वेगवेगळ्या कामाच्या माणसांसोबत तिला एखादा दिवस घालवू द्या. त्यात एखादी गणिताशी रोज संबंध येणारी बाई असेल तर फारच छान.

सहा महिन्यांनी चाचणी करू, तेव्हा तिच्या उत्तरांना काही अर्थ असेल. येताना टक्केवारीचा तक्ता नसला तरी चालेल, पण गणिताच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मिळाल्या तर जरूर आणा. आणि पहिला अर्धा तास मी तिच्याशी एकटीशी बोलेन, हे तिला आधीच सांगून ठेवा.