नराच्या मेंदूत इस्ट्रोजेनचे काय काम?

प्रश्न: इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक, असे आम्ही शाळेपासून शिकत आलो. मात्र नर उंदरांच्या मेंदूतही इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात, असे नुकतेच वाचनात आले. ते तेथे कशासाठी असतात, मादीपेक्षा कमी असतात का, आणि यावरून माणसाबद्दल काही सांगता येते का? – एक विज्ञानप्रेमी वाचक

उत्तर: 'मादीचे संप्रेरक' हे शब्दच घोटाळ्याचे मूळ आहेत. नराच्या वृषणात तयार होणारे टेस्टोस्टेरॉन रक्तावाटे मेंदूत पोहोचते आणि तेथील काही चेतापेशींमध्ये अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर त्याचे इस्ट्राडायोलमध्ये, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच मुख्य रूपात, रूपांतर करते. उंदीर-घुशींच्या नर पिल्लाच्या मेंदूला 'नरपण' येते ते बऱ्याच अंशी या इस्ट्राडायोलमुळे, आणि ते काम रिसेप्टरशिवाय, म्हणजे संप्रेरक ज्यांना जोडले जाऊन पेशीला संदेश देते त्या प्रथिनांशिवाय, होणे शक्य नाही. मग आईच्या रक्तातील इस्ट्रोजेनमुळे मादी पिल्लांचे मेंदूही नरासारखे का होत नाहीत, अशी शंका येणे साहजिक आहे. उंदरांच्या भ्रूणाच्या रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन इस्ट्राडायोलला पकडून ठेवते, त्यामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. टेस्टोस्टेरॉनला मात्र ते अडवत नाही.

आता रिसेप्टरांकडे वळू. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्फा प्रकाराचे जनुक 1986 मध्ये वेगळे करण्यात आले, तर बीटा प्रकाराचा शोध 1996 मध्ये घुशीच्या प्रोस्टेट ग्रंथीत लागला. दोन्ही प्रकारांचे काम प्रामुख्याने पेशीकेंद्रकात चालते. म्हणूनच मेंदूचा पातळ काप प्रतिपिंडाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की अल्फा रिसेप्टर असलेली केंद्रके तपकिरी ठिपक्यांसारखी उठून दिसतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या, संप्रेरकांचे नियंत्रण करणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये या रिसेप्टरांची दाटी असते आणि सेरिब्रल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, ते बरेच विरळ असतात. हायपोथॅलॅमसच्या वेंट्रोमेडियल केंद्रकाच्या (येथे आणि पुढे मेंदूतील केंद्रक म्हणजे पेशीचे केंद्रक नव्हे, तर चेतापेशींचा पुंजका) बाहेरच्या भागात प्रौढ मादीमध्ये नरापेक्षा अधिक अल्फा रिसेप्टर आढळतात. दोघांचीही जननग्रंथी काढून टाकली, तरी इस्ट्रोजेन बांधून ठेवण्याची क्षमता या भागात मादीतच जास्त असल्याचे घुशींवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे हा फरक केवळ त्या घडीच्या संप्रेरकांचा नव्हे, बालपणी घडलेल्या रचनेचाही आहे.

तरीही 'मादीत जास्त, नरात कमी' असे सरधोपट विधान मी करणार नाही. इस्ट्राडायोल स्वतःच अनेक भागांत आपल्या रिसेप्टरांचे प्रमाण घटवते, त्यामुळे चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात मादीमधले आकडेही हलत राहतात. मोजणी कोणत्या दिवशी आणि कोणत्या केंद्रकात केली, हे न सांगता केलेली तुलना, माझ्या मते, निरुपयोगी आहे.

दोन केंद्रकांची उदाहरणे पाहिली म्हणजे हे पटेल. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या बाजूच्या प्रीऑप्टिक भागातील एक छोटे केंद्रक घुशीच्या नरात मादीच्या कित्येक पट मोठे असते, ही गोष्ट 1978 मध्ये उजेडात आली. तेथे नवजात वयातील इस्ट्राडायोल चेतापेशींना मरण्यापासून वाचवते. त्याच्या जवळच, तिसऱ्या मेंदू-विवराच्या कडेला, एव्हीपीव्ही (अँटेरोव्हेंट्रल पेरिव्हेंट्रिक्युलर) हे केंद्रक आहे. तेथे तेच इस्ट्राडायोल नवजात नराच्या पेशींना मृत्यूकडे ढकलते, म्हणून हे केंद्रक मादीत मोठे राहते. त्यात किसपेप्टिन (प्रजननाची संप्रेरके चालू करणारे संदेशक रसायन) बनवणाऱ्या, अल्फा रिसेप्टर असलेल्या चेतापेशी मादीतच भरपूर असतात. चक्राच्या मध्यावर इस्ट्राडायोल वाढले की त्या उद्दीपित होतात, पीयूषिका ग्रंथीतून ल्युटिनायझिंग संप्रेरकाची लाट उसळते आणि अंडमोचन होते. मादी पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन दिले, तर पुढे अंडाशय शाबूत असूनही ही लाट येत नाही. एकाच संप्रेरकाने शेजारच्याच दोन ठिकाणी उलटसुलट कामे करावीत, हे मला आजही थक्क करणारे वाटते.

याला जन्मानंतरच्या अनुभवाचीही जोड असते. पिल्लांना अधिक चाटणाऱ्या घुशीच्या मादी पिल्लांमध्ये, मोठेपणी, मेडियल प्रीऑप्टिक भागात अल्फा रिसेप्टर अधिक आढळतात, आणि या रिसेप्टरच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथाइल गट, म्हणजे जनुकाला दाबून ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, कमी असतात.

माणसाबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात निकालात काढता येईल. मानवी अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्राडायोलला फारसे बांधत नाही, आणि मानवी नराच्या मेंदूच्या घडणीत अँड्रोजेनच्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांच्या, रिसेप्टरांचा वाटा अधिक असल्याचे पुरावे आहेत. जनुकीय दोषामुळे ज्यांच्यात हे रिसेप्टर पूर्णपणे निकामी असतात, अशा एक्सवाय गुणसूत्रांच्या बहुतेक व्यक्ती, शरीरात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडायोल दोन्ही असूनही, स्त्री म्हणून वाढतात आणि स्वतःला स्त्रीच मानतात. उंदराचा नियम येथे जसाच्या तसा लावता येत नाही.