फोटो आडवा, धूसर, अर्धा का दिसतो? वाचकांचे प्रश्न

संकेतस्थळावर किंवा मेसेजमध्ये जोडलेला फोटो आपल्याला एक आणि समोरच्याला वेगळाच दिसतो, ही तक्रार सतत येते. तक्रार करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी विचारण्याआधी कुणाचेतरी ऐकून फाइलवर प्रयोग केलेले असतात. सगळ्या उत्तरांना लागू असलेली एक गोष्ट आधीच सांगतो: मूळ फाइल बाजूला ठेवा आणि जे काही करायचे ते तिच्या प्रतीवर करा.

प्रश्न: फोनवर उभा दिसणारा फोटो जोडला की आडवा होतो. गॅलरीत फिरवून पुन्हा जोडला, तरी तसाच.

फोन कसाही धरला तरी सेन्सरवरचे पिक्सेल बहुधा एकाच दिशेने साठवले जातात आणि फाइलमधल्या एक्झिफ नोंदीत (फोटोसोबत साठवलेली वेळ, ठिकाण, दिशा अशी माहिती) दिशेचा आकडा लिहिला जातो. 1 म्हणजे सरळ, 3 म्हणजे उलटा, 6 म्हणजे दाखवताना घड्याळाच्या दिशेने 90 अंश फिरवा, 8 म्हणजे विरुद्ध दिशेने 90 अंश. गॅलरीतले ‘फिरवा’ बटण पुष्कळदा हा आकडाच बदलते, पिक्सेल जागचे हलत नाहीत.

प्रमुख ब्राउझर 2020 पासून हा आकडा आपणहून पाळतात. त्यामुळे आज फोटो आडवा दिसत असेल, तर संकेतस्थळावर लहान प्रत तयार करताना दिशा न पाहताच एक्झिफ काढून टाकले जात असण्याची शक्यता जास्त. तुमच्यापुरता उपाय असा: संपादन प्रोग्रॅममध्ये फोटो उघडा, सरळ करा, कडेची एक बारीक पट्टी कापा आणि नव्या नावाने जतन करा. कापल्यामुळे बहुतेक प्रोग्रॅम पिक्सेल नव्याने लिहितात. सगळ्यांचेच फोटो आडवे होत असतील तर एकेक फिरवत बसू नका. आधी दिशा लावून मग आकार कमी करा, असे संकेतस्थळाच्या व्यवस्थापकाला कळवा.

प्रश्न: आयफोनचा एचईआयसी फोटो उघडत नव्हता. नावाचा शेवट बदलून जेपीजी केला, तरी उघडत नाही.

एचईआयसी हा आयफोनचा फोटो साठवण्याचा प्रकार आहे; नाव बदलल्याने आतली रचना बदलत नाही. जुने नाव परत द्या आणि फोटो जेपीईजी (म्हणजेच जेपीजी) म्हणून निर्यात करा. पुढच्या फोटोंसाठी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स येथे ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडा.

प्रश्न: 300 डीपीआय केल्याशिवाय पडद्यावर फोटो स्पष्ट दिसत नाही, हे खरे का?

नाही. पडद्यावर मोजले जातात ते पिक्सेल. डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, हा आकडा छपाईच्या वेळी उपयोगाचा, आणि तोही छापखान्याला विचारून ठरवा.

प्रश्न: मेसेजमधून आलेला फोटो मोठा केला की धूसर होतो. मूळ फोटो जागा करण्यासाठी पुसला. पैसे भरून एआय ॲपने तो पूर्ववत होईल का?

होणार नाही. जे अशी खात्री देतात ते तुमची दिशाभूल करत आहेत.

मेसेजिंग ॲप फोटोची लांबी-रुंदी घटवते आणि फाइल लहान व्हावी म्हणून जेपीईजी पुन्हा दाबून बांधते. जेपीईजीत चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत तोडले जाते आणि प्रत्येकातले बारीक तपशील टाकून दिले जातात. रंगांची माहिती तर बहुधा दोन्ही दिशांना निम्मीच ठेवली जाते. लाल अक्षरांच्या कडा आधी फाटतात त्या यामुळेच. बदल करून पुन्हा जतन केले की पुन्हा थोडे जाते. (नुसते उघडून पाहिल्याने किंवा फाइलची प्रत काढल्याने दर्जा घटतो ही अफवा आहे.) गेलेला तपशील त्या फाइलमध्ये कुठेच उरलेला नसतो. ॲप जे भरते तो अंदाज असतो. त्यामुळे चेहरा गुळगुळीत होतो, पण तो त्याच माणसाचा राहीलच असे नाही; औषधाच्या चिठ्ठीवरचा 3 सहज 8 होऊ शकतो. कागदपत्रे, तपासणी अहवाल, पुराव्याचे फोटो यांवर असले ॲप कधीही वापरू नका.

त्यापेक्षा लगेच ‘अलीकडे हटवलेले’ हा विभाग पाहा. पुष्कळ गॅलऱ्या तिथे फोटो 30 दिवस ठेवतात, त्यामुळे ‘सवडीने बघू’ म्हणणे इथे महागात पडते. क्लाउडवरची प्रत आणि ज्याला फोटो पाठवला त्याचा फोनही तपासा. फोटो मेमरी कार्डवर असेल तर ते आत्ताच काढा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. फोटोरेकसारखा मोफत प्रोग्रॅम संगणकावर चालवून सापडलेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. कार्ड ओळखलेच जात नसेल किंवा तापत असेल तर प्रयोग थांबवून डेटा रिकव्हरी तज्ज्ञाकडे द्या. आजच्या फोनच्या अंतर्गत मेमरीतून, ती एन्क्रिप्ट केलेली (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असल्याने, पूर्ण पुसलेला फोटो परत मिळण्याची आशा फारच थोडी असते.

यापुढे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. मात्र एक्झिफमधले ठिकाणही सोबत जाते. अनोळखी माणसाला पाठवण्याआधी ते काढा, आणि समोरच्याने फाइल उघडून मोठी करून पाहिल्याशिवाय मूळ पुसू नका.

प्रश्न: वरचा अर्धा फोटो दिसतो, खाली करडा पट्टा येतो.

फाइल बहुधा अर्धवट पोचली आहे. दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये ताडून पाहा. पोचलेली लहान असेल तर पुन्हा पाठवा. आकार सारखाच असेल तर बहुधा मूळच बिघडले आहे. अशा वेळी कार्डावरचे बाकी सगळे आजच दुसरीकडे उतरवा. ‘रिपेअर’ प्रोग्रॅम काही वेळा फाइलचा शीर्षभाग (सुरुवातीची माहिती) दुरुस्त करतात, पण न पोचलेला भाग आणू शकत नाहीत.

प्रश्न: नवा फोटो टाकला तरी जुनाच दिसतो.

बहुधा ब्राउझरने साठवलेली प्रत दिसते आहे. कंट्रोल आणि एफ5 एकत्र दाबा, नाहीतर नव्या नावाने जोडा.

प्रश्न: मला फोटो दिसतो, इतरांना फक्त तुटकी खूण.

खासगी विंडोत, लॉग-इन न करता तोच पत्ता उघडा. तिथे दिसला नाही तर बहुधा तुम्ही स्वतःच्या संगणकातल्या किंवा खासगी अल्बममधल्या फाइलची लिंक दिली आहे. लिंक देण्याऐवजी फाइलच जोडा. नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरेही तपासा, कारण अनेक सर्व्हर त्यांत फरक करतात. तरीही अडले तर पत्ता, वेळ आणि स्क्रीनशॉट व्यवस्थापकाला पाठवा. नुसते ‘दिसत नाही’ एवढ्यावरून कुणालाच दोष शोधता येत नाही.

प्रश्न: कॅमेऱ्यात भडक असलेले रंग जोडल्यावर फिके पडतात.

फोटो ॲडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी3 या मोठ्या रंगपटात (जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीत) असेल आणि वाटेत त्याचा कलर प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे ही नोंद, गळाला, तर असेच होते. जोडण्यापूर्वी प्रतीवर ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने एसआरजीबी (पडद्यासाठीचा सर्वसाधारण रंगपट) करा. शेजारचे ‘असाइन’ निवडू नका, त्याने आकडे तेच राहून रंग आणखी बिघडतात. छपाईसाठी बनवलेली सीएमवायके फाइल असेल तर ती स्वतः बदलू नका; जिने बनवली त्या व्यक्तीकडून पडद्यासाठी वेगळी प्रत मागा.