‘अजून’ला इतर भाषांत काय म्हणतात? आधी कुठलं ‘अजून’ ते ठरवा

तुम्ही विचारलंय की ‘अजून’ या शब्दाला जगातल्या पंधरा-वीस भाषांत काय म्हणतात, तक्ता करायचाय, प्रत्येक भाषेचा एकेक शब्द द्या. तक्ता होईल, पण एका शब्दापुढे एक शब्द असा केलात तर निम्मा चुकेल आणि कुठे चुकला ते कळणारही नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

मी बरीच वर्षं ॲपमधले मेसेज वेगवेगळ्या भाषांत करून घ्यायचं काम करते. एकदा आमच्या शीटमध्ये एका ओळीत फक्त ‘अजून’ एवढंच लिहिलेलं होतं, मागे-पुढे काही नाही. ते बटण होतं, दाबलं की यादीतल्या पुढच्या नोंदी दिसणार. जपानीत ते ‘मादा’ होऊन आलं. आता ‘मादा’ म्हणजे अजूनच, पण नुसतं ‘मादा’ म्हटलं की जपानी माणूस त्याचा अर्थ घेतो ‘अजून झालं नाही’. म्हणजे यादी संपल्यावर खाली बटण, आणि बटणावर लिहिलंय ‘अजून नाही’. तिथे हवं होतं ‘मोत्तो’, म्हणजे आणखी. भाषांतर करणाऱ्याची यात काहीच चूक नव्हती, आम्ही त्याला शब्द दिला होता पण अर्थ दिलाच नव्हता.

तेव्हापासून मी एक साधी परीक्षा घेते, तुम्हीही घेऊन बघा. वाक्यातलं ‘अजून’ काढा आणि तिथे ‘अद्याप’ बसतं का बघा, मग ‘आणखी’ बसतं का बघा. ‘ती अजून आली नाही’ इथे अद्याप बसतं. ‘अजून एक खुर्ची लागेल’ इथे आणखी बसतं, ‘अद्याप एक खुर्ची लागेल’ असं कोणी म्हणणार नाही. ‘हे अजून मोठं आहे’ इथेही आणखीच. म्हणजे आपण ज्याला एक शब्द समजतो त्या घरात दोन बिऱ्हाडं आहेत, एक वेळेचं आणि एक भर घालणारं. आणि वेळेच्या बिऱ्हाडात पुन्हा दोन जण, ‘अजून आहे’ आणि ‘अजून नाही’. इंग्रजीत यांची चार-पाच घरं होतात, स्टिल, येट, मोअर, अनदर, ईव्हन, म्हणून आपल्याला वाटतं की मराठीच अजब आहे, एका शब्दावर सगळं भागवते. तसं नाहीये, उलट आपल्यासारख्या भाषा भरपूर आहेत.

जर्मनचा ‘नॉख’ घ्या. तो अजून इथे आहे, तिथे नॉख. अजून नाही, तिथे ‘नॉख निश्त’. अजून एक, ‘नॉख आइन’. अजून मोठं, तिथेही नॉखच. डोळे मिटून ‘अजून’च्या जागी ठेवावा इतका जुळतो, मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा खरंच आनंद झाला होता. फ्रेंचचा ‘आंकोर’ तसाच, इटालियनचा ‘आंकोरा’ तसाच, रशियनचा ‘यिश्शो’, पोलिशचा ‘येश्चे’, आणि हंगेरियनचा ‘मेग’ व फिनिशचा ‘व्हिएलॅ’ पण, आणि या शेवटच्या दोन भाषा तर जर्मन-फ्रेंचच्या कुळातल्याही नाहीत. द्राविड भाषांतही तेच दिसतं: तेलुगूत ‘इंका रालेदु’ म्हणजे अजून आला नाही आणि ‘इंकोकटी’ म्हणजे अजून एक, कन्नडमध्ये ‘इन्नू बंदिल्ल’ आणि ‘इन्नोंदु’, तमिळमध्ये ‘इन्नुम’ आणि ‘इन्नोन्रु’. गुजराती ‘हजी’ पण दोन्ही कामं करतो. हिंदीने मात्र घर वाटून घेतलं, वेळेला ‘अभी भी’ नाहीतर ‘अभी तक’ आणि भर घालायला ‘और’.

इतक्या लांबलांबच्या भाषांनी हीच मोळी का बांधली असेल, हा माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग आहे. ‘दिवा अजून चालू आहे’ म्हणताना मी मनात एक रेघ ओढत असते, मघाशी चालू होता, तीच रेघ इथपर्यंत आली, तुटली नाही. ‘अजून एक’ म्हणताना पण मोजणीची रेघ संपली नाही, पुढे चालू आहे. दोन्हीकडे गोष्ट एकच, थांबलं नाही. एकदा हे दिसलं की तो शब्द दोन अर्थांचा वाटतच नाही.

शब्दांच्या मुळाशी गेलं तर हे आणखी पक्कं होतं. संस्कृतातला ‘अद्यापि’ म्हणजे अद्य आणि अपि, आज आणि ही, ‘आजही’. बंगालीत ‘एखनो’ म्हणजे एखन, आता, त्याला ‘ही’ जोडलेलं. हिंदी ‘अभी भी’ तसंच. जर्मन ‘नॉख’ची फोड सुद्धा ‘आता’ अधिक ‘आणि’ अशीच लावतात. स्वीडिश-डॅनिशमध्ये जो शब्द आहे त्याच्या शेवटी चक्क ‘नु’ बसलाय, ‘नु’ म्हणजे आता. दुसरी वाट आहे ‘या तासापर्यंत’ अशी. फ्रेंच आंकोर आणि इटालियन आंकोराच्या पोटात लॅटिनचा तास अर्थाचा शब्द आहे, आणि कैरोच्या अरबीत अजूनला ‘लिस्सा’ म्हणतात, त्याच्या पोटात अरबीचा ‘साआ’ म्हणजे तास. स्पॅनिशने तिसरीच वाट धरली, ‘तोदाविया’ म्हणजे शब्दशः सगळी वाट. प्रमाण अरबीत तर ‘अजून आहे’साठी चक्क क्रियापद वापरतात, ‘मा झाल’, म्हणजे ‘थांबला नाही’. मी वर रेघेबद्दल लिहिलं ते अरबीने दोन शब्दांत सांगून टाकलंय.

(आंकोरवरून आठवलं, इंग्रजी प्रेक्षक गाणं पुन्हा हवं असलं की ‘आंकोर’ म्हणून ओरडतात, फ्रेंच प्रेक्षक तिथे ‘बिस’ ओरडतात. शब्द ज्यांचा ते स्वतः तो तिथे वापरत नाहीत.)

आता ‘अजून नाही’. तक्त्यात या रकान्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या, कारण काही भाषांना ‘नाही’ आणि ‘अजून नाही’ हे मुळातच वेगळे शब्द वाटतात. इंडोनेशियनमध्ये नाहीला ‘तिदाक’ आणि अजून नाहीला ‘बलूम’, एकच अखंड शब्द, त्यात ‘नाही’ वेगळं काढून दाखवता येत नाही. लग्न झालंय का असं कोणी विचारलं तर उत्तर ‘सुदाह’ नाहीतर ‘बलूम’, झालंय नाहीतर अजून नाही. तिथे सरळ ‘तिदाक’ म्हणणं म्हणजे दार लावून घेण्यासारखं वाटतं. व्हिएतनामीत ‘चुअ’ म्हणजे अजून नाही, आणि प्रश्नाच्या शेवटी तोच लावला की प्रश्न तयार, ‘आलास चुअ?’ अशी रचना. थाईत ‘मा रू यांग’ म्हणजे आला की अजून, बस, ‘नाही’ म्हणायची गरजच नाही, आणि उत्तर पण नुसतं ‘यांग’. आपण बोलताना ‘आला का अजून नाही?’ म्हणतो त्याच्या फार जवळचं आहे हे.

स्वाहिलीने ते क्रियापदाच्या आतच घातलंय. ‘हाकुफिका’ म्हणजे तो पोचला नाही. ‘हाजाफिका’ म्हणजे तो अजून पोचला नाही. मधलं एक अक्षर बदललं, ‘कु’चा ‘जा’ झाला, आणि ‘आलाच नाही’चं ‘येईल की’ झालं. वेगळा शब्द हवा असेल तर ‘बाडो’ आहे, तो ‘अजून आहे’लाही चालतो आणि नुसता उत्तर म्हणून म्हटला तर अजून नाही. भर घालायला मात्र बाडो नाही चालत, तिथे ‘झैदी’, आणि तो अरबीतून आलेला, आपल्या ‘जादा’चा सख्खा भाऊबंद.

चिनीत ‘हाय’ हा अजून आणि ‘हाय मेय’ अजून नाही. कोरियनमध्ये ‘आजिक’, आणि त्याला ‘ही’ अर्थाचा प्रत्यय जोडला की होतं ‘आजिक्तो’, म्हणजे हुबेहूब आपलं ‘अजूनही’, वैतागासकट. कारण मराठीत ‘तो अजून आला नाही’ ही नुसती माहिती आहे आणि ‘तो अजूनही आला नाही’ म्हणजे आतापर्यंत यायला हवा होता. आणि ‘अजून तरी आला नाही’ म्हणजे येईलही, सांगता येत नाही. हे ‘ही’ आणि ‘तरी’ शब्दकोशात ‘अजून’समोर सापडणार नाहीत पण भाषांतरात सगळा जीव त्यांच्यातच असतो. इंग्रजीत हाच फरक शब्द बदलून होतो, साध्या माहितीला येट आणि वैतागाला स्टिल.

जपानीकडे परत येते कारण तिथे एक गंमत राहिली. मादाचा जोडीदार आहे ‘मोऽ’, म्हणजे आधीच, झालंसुद्धा. ‘मोऽ किता’ म्हणजे आलासुद्धा. पण ‘मोऽ हितोत्सु’ म्हणजे अजून एक! म्हणजे भर घालणारं जे बिऱ्हाड आपल्याकडे ‘अजून’च्या घरात राहतं ते जपानीत बरोबर उलट्या घरात गेलंय. आपल्या कानाला दोन्ही मोऽ सारखेच वाटतात, पण टोकियोच्या उच्चारात झालंसुद्धा वाल्या मोऽचा सूर पहिल्यावर चढून लगेच उतरतो आणि अजून एक वाल्याचा तसा उतरत नाही. लिहिताना फरक दिसत नाही, ऐकूनच कळतं.

या जोडीदाराचा विषय सोडू नका, कारण ‘अजून’ एकटा कधीच नसतो. ‘सेबास्टियान ल्योबनर’ या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये नॉख आणि ‘शोन’ (म्हणजे आधीच, झालंसुद्धा) यांचं गणित मांडलं होतं, की हे दोन शब्द एकमेकांच्या नकारातून मिळतात. सोपं करून सांगते. दिवा अजून चालू आहे, हे खोटं असेल तर काय? दिवा आता चालू नाही. दिवा अजून लागला नाही, हे खोटं असेल तर? दिवा लागलासुद्धा. म्हणजे चार कोपरे झाले, अजून आहे, आता नाही, अजून नाही, झालंसुद्धा.

त्यातला ‘आता नाही’ हा कोपरा बघा. स्पॅनिश म्हणते ‘या नो’, रशियन म्हणते ‘उझे न्ये’, हंगेरियन ‘मार नेम’, तिन्ही शब्दशः ‘आधीच नाही’, आणि जपानी पण मोऽ वापरून तेच करते. जर्मन ‘निश्त मेअर’ म्हणजे ‘जास्त नाही’, इंडोनेशियन ‘तिदाक लागी’ पण त्याच वाटेची. मराठीला यासाठी खास शब्दच नाही, आपण ‘आता’ घेतो, ‘ते आता इथे राहत नाहीत’, नाहीतर क्रियापदावर काम काढतो, ‘वेळ उरला नाही’, ‘ताकद राहिली नाही’. मला ही ‘उरणं-राहणं’वाली तऱ्हा फार आवडते, पण भाषांतर करणाऱ्याला ती सांगावी लागते, नाहीतर तो ‘उरला’चं भलतंच काहीतरी करतो.

आता एक वाक्य नीट बघू, कारण असलं वाक्य तुमच्या तक्त्यात आलं तर घोळ होणारच: ‘अजून एक फाइल आली नाही.’ हळू वाचा. ‘अजून एक’ एका दमात म्हटलं तर एक फाइल आधीच गायब होती, आता दुसरी पण नाही. ‘अजून’नंतर किंचित थांबलं तर बाकी सगळ्या आल्या, एकीची वाट बघतोय. बोलताना आपल्याला कधीच अडचण येत नाही, जोर कुठे देतोय त्यावरून समोरच्याला कळतं, पण स्क्रीनवर तो जोर जातो आणि वाचणारा बिचारा दुसरी फाइल शोधत बसतो. यावर उपाय मराठीतच आहे, पहिल्या अर्थाला ‘आणखी एक फाइल आली नाही’ लिहा, दुसऱ्याला ‘एक फाइल अद्याप यायची आहे’. जर्मनमध्ये पण नॉख त्या फाइलच्या आधी ठेवला की एक अर्थ आणि नंतर ठेवला की दुसरा, म्हणजे तिथे शब्दांची जागा तेच काम करते जे आपल्याकडे श्वास करतो.

तर तक्ता असा करा. रकान्याच्या डोक्यावर शब्द न लिहिता वाक्यं लिहा: दिवा अजून चालू आहे, ती अजून आली नाही, अजून एक दे, हे अजून मोठं आहे. पाचवं वाक्य ‘दिवा आता चालू नाही’ हे पण घ्या, त्यात ‘अजून’ नसलं तरी. आणि त्या भाषेच्या माणसाला विचारताना ‘तुमच्यात अजूनला काय म्हणतात’ असं विचारूच नका, त्याला प्रसंग सांगा, की तू दारात उभा आहेस, मैत्रीण यायची आहे, आतून कोणीतरी ओरडून विचारतं आली का, आणि तुला एकाच शब्दात उत्तर द्यायचंय. इंडोनेशियन माणूस बलूम म्हणेल, जपानी मादा, थाई यांग, स्वाहिली बोलणारा बाडो. जर्मन ‘नॉख निश्त’ म्हणेल, त्याला दोन शब्द लागतातच. स्पॅनिशमध्ये तोदावियाच्याच अर्थाचा ‘आऊन’ पण आहे, तो लिहिताना त्याच्यावरची तिरकी खूण विसरू नका, तिच्याशिवाय तोच शब्द ‘अजून’चा ‘सुद्धा’ होतो. तुर्कीचा रकाना आला की मला विचारा, तिथे ‘हाला’, ‘हेन्युझ’ आणि ‘दाहा’ असे तीन शब्द आहेत आणि दाहा बराचसा आपल्या अजूनसारखा दोन्हीकडे फिरतो, त्यामुळे वाक्य बघितल्याशिवाय तिथे काही भरू नका.